कणी नसलेली चटणी

पौडच्या मिक्सरच्या दुकानात मी भाजलेल्या जवसाचा डबा घेऊनच गेले. दुकानदार हसला. "ताई, मशीन घरी नेऊन बघा की. गॅरंटी हाय."

"गॅरंटी मोटरची. माझ्या आईची नाही," मी म्हटलं. त्याचं हसू मावळलं. त्या दिवसांत माझी जीभ फार तिखट झाली होती.

आईला अर्धांगाचा झटका आला, म्हणून मी तिला लातूरकडच्या गावाहून हिंजवडीला माझ्या फ्लॅटवर आणलं होतं. गिळताना तिला ठसका लागायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, कणी असलेलं काहीही देऊ नका, श्वासनलिकेत जाईल. म्हणून सगळं मऊ आणि मिळमिळीत. चार घासांत ती तोंड मिटायची. तिचा दंड माझ्या मुठीत मावायला लागला, तेव्हा मी घाबरले. तिचं मागणं एकच होतं, जवसाची चटणी. शेवटी डॉक्टर म्हणाले, अगदी पिठासारखी करा आणि घट्ट दह्यात कालवून थोडी थोडी द्या.

घरच्या मिक्सरनं ते होईना. जवस तापायचा, तेल सुटून पात्याखाली लगदा बसायचा आणि वरची कणी तशीच राहायची. दुकानातल्या लहान भांड्याच्या मिक्सरनंही तेच केलं. घरघंटीत तेलबिया अडकतात, असं दुकानदारच म्हणाला. मग त्यानं जड झाकणाचं एक स्टीलचं यंत्र काढलं आणि थांबत थांबत फिरवलं. मी चिमूटभर पीठ बोटांत चोळलं. काहीच लागलं नाही.

"हेच द्या," मी म्हटलं.

आईही आयुष्यभर चटणी अशीच चोळून बघायची, पण तिला कणी हवी असायची. लागली नाही, की पाहुण्यांदेखत विचारायची, "ही खायची का तोंडाला फासायची?" माझ्या चटणीला तिनं कधी बरं म्हटलं नाही. मला इतका राग यायचा, की तिच्यासमोर चटणी करणंच मी सोडलं होतं.

घरी येऊन मी त्या यंत्रात चटणी केली, तेव्हा स्वयंपाकाला येणाऱ्या कासारसाईच्या मावशींनी भांड्यात डोकावून पाहिलं. "लई बारीक केलंया, ताई. दाताखाली काय येनार हाय?"

"काही यायलाच नको," मी खेकसले.

दह्यात कालवायच्या आधी मी ते भांडं आईपुढे धरलं. चालत्या हातानं तिनं चिमूट घेतली. चोळली. पुन्हा चोळली. मी वाट बघत उभी राहिले. बोल ना. फासायची का, विचार. काढ माझी अक्कल. जन्मात पहिल्यांदा मला ते ऐकायचं होतं.

आईनं बोटं पदराला पुसली.

"चांगली झाली गं," ती म्हणाली आणि घासासाठी तिनं तोंड उघडलं.