चार अंड्यांची जोडी

लक्का कबुतरांची जोडी पिंजऱ्यात घालून, विकणाऱ्याला परत करायला मी नेरच्या बसस्टँडवर बसलो होतो. चार अंडी झाली, पण पिल्लू एकही निघालं नाही. हे मी सांगताच शेजारी बसलेले लुंगीवाले चाचा ताडकन उठले.

"चार? अरे बेटा, मादी एका खेपेले दोनच देते! ह्या दोघीबी माद्या हायेत!"

"पण हा तर राजा आहे," मी एकाकडे बोट दाखवलं.

"नर कसा असते, तुले दाखवतो!"

चाचांनी गळा फुगवला, छाती काढली आणि लुंगीनं जमीन झाडत, घुटर्र घुटर्र करत पिंजऱ्याभोवती गिरक्या घेतल्या. अख्खं स्टँड पाहत राहिलं.

"परत कायले करतं? एक नर आन!"

मी पिंजऱ्यात पाहिलं. माझा राजा चाचांकडे बघून राणीसारखी लाजत मान लववत होता.