आजचं जेवण संपलं

कस्तुराबाईंचा कुणावर म्हणून भरवसा नाही. भाजीवाल्यानं मोजून दिलेलं त्या घरी पुन्हा मोजणार, गॅसची टाकी आली की आधी उचलून बघणार. बीडहून कुरुळीत येऊन पंधरा वर्षं खानावळ चालवायची तर संशय हवाच, असं त्यांचं ठाम मत.

म्हणून रोजचे साठ डबे महिन्यात बावीसवर आले, तेव्हा बाईंनी एका दमात नाव घेतलं: सोजरबाई! समोरची खानावळ तिची. दोघींचं गाव एक, आल्याही एकाच टेम्पोतून. पण धंदा म्हटल्यावर कसली मैत्रीण न् काय!

कंपन्यांच्या गेटबाहेर चहाच्या टपऱ्यांवर बाईंचे स्टिकर होते. फोननं स्कॅन करायचं, वेबसाइटवर मेनू बघायचा, शिफ्टच्या आधी डबा सांगायचा. वेबसाइट भाचीनं, पुनमनं केलेली. महिन्यापूर्वीच तिनं ती नव्यानं मांडली होती.

"मावशी, सगळं चालू आहे गं," तिनं स्वतःच्या फोनवर उघडून दाखवलं.

"चालू हाय, तर पोरं कुटं गेली? त्या सोजरीनंच कायतरी केलंय!"

आणि भर दुपारी, पंगत बसलेली असताना, बाई समोरच्या खानावळीत जाऊन कडाडल्या, "माझी गिऱ्हाइकं पळवलीस व्हय गं? एका ताटात जेवलो आपण!"

सोजरबाईंच्या हातात पळी तशीच राहिली. डोळे भरले. पंगतीतून बोलला तो गणराज, कस्तुराबाईंचं जुनं गिऱ्हाईक. "मावशी, रोज तुम्हीच सांगता जेवण संपलं. मग काय उपाशी उभं राहायचं मशीनवर?"

"मी? कधी?"

त्यानं फोनमध्ये गेटवरच्या स्टिकरचं पान उघडलं. वर बाईंचं नाव, खाली ठळक अक्षरं: आजचं जेवण संपलं. उद्या या.

बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचलं. शब्द त्यांचेच होते. "एखादं पान सापडलं नाही तर तिथं काय लिहू?" असं पुनमनं विचारलं, तेव्हा आमटी ढवळता ढवळता त्यांनी पातेलं रिकामं झाल्यावर दारात जे म्हणतात तेच सांगून टाकलं होतं. त्या बयेनंही तसंच लिहिलं! नव्या मांडणीत मेनूच्या पानाचा पत्ता बदलला, स्टिकर मात्र जुन्याच पत्त्यावर नेत राहिले, आणि तिथं पान नसल्यानं हीच ओळ दिसत राहिली. महिनाभर आपणच पोरांना दारातून परत पाठवलं, या विचारानं बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी पुनमनं जुना पत्ता नव्या पानाकडे वळवला. बाईंनी तीन वेगवेगळ्या फोनवरून खात्री करून घेतली.

"आता पान सापडलं नाही तर काय लिहू?"

"लिही, पान हरवलंय, जेवण हाय. फोन करा." बाईंनी समोरच्या खानावळीकडे पाहिलं. "आन् फोन लागला न्हाई तर समोर सोजरबाईकडं जेवा. तिच्या हाताला चव हाय."

पुनमनं फोनवरून मान वर केली. "खरंच लिहू?"

"लिही लवकर, माझं मन फिरायच्या आत."