गायीचा चीक, बाईचा चीक

माझ्या डोहाळजेवणाला माझ्या छातीची चर्चा अर्धा तास चालली. मी समोरच बसले होते. हिरवी साडी, अंगभर फुलांचे दागिने, हातात धरायला दिलेलं फुलांचं धनुष्य, आणि समोर सतरंजीवर बारा-पंधरा बाया. जेवणं होऊन त्यांना सुस्ती आली होती, आणि सुस्तावलेल्या माणसांना चघळायला काहीतरी लागतंच.

"अंगानं काडी हाय, हिला कुठलं दूध येतंय," सासूबाईंची जाऊ म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ती उठून माझ्याजवळ आली, ब्लाउजवरून दोन बोटांनी चाचपलं आणि मागे वळून बाकीच्यांना निकाल सांगितला, "न्हाई बाई, काय दम न्हाई." सगळ्या खिदळल्या. तिच्या बोटांना गुलाबजामचा पाक होता. तो डाग अजून त्या ब्लाउजवर आहे.

माझं सासर सुप्याजवळच्या एका गावात. एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी गाड्यांचे रबरी सील तपासायचं काम करते. सील हातात घ्यायचं, कडेनं बोट फिरवायचं, कुठे जास्तीचं रबर राहिलंय का बघायचं आणि पास किंवा नापासच्या पेटीत टाकायचं. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या सीलची दया आली.

मग सासूबाईंनी ओटीच्या ताटात नारळाशेजारी एक खोका ठेवला. दुधाच्या बाटल्या, बूच, घासायचा ब्रश आणि शेजारी पावडरचा डबा. "आमच्या सूनबाई कामावर जात्यात," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पयल्या दिवसापासून डब्याची सवय लावायची, म्हंजे मागनं तरास न्हाई. कंपनी काय वाट बघत बसती का?"

माझी आई राहुरीहून आली होती. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आमच्यात डबा चालत न्हाई," ती म्हणाली. "पोरगं अंगावरच पेलं पायजे. बाटलीची पोरं भुसभुशीत असत्यात."

दोघींची जुंपली. एकीला बाटली हवी होती, दुसरीला अंगावरचं, आणि दोघींच्या मधे मी धनुष्य धरून बसले होते. मला कुणी विचारलं नाही. नवऱ्याकडे बघितलं तर तो दारातून म्हणाला, "बायकांचा विषय हाय, तुमीच ठरवा," आणि मंडपवाल्याकडे निघून गेला. त्याच्या त्या 'तुमी'मध्ये मी धरलेली होते की नाही, देव जाणे.

खरं सांगायचं तर मला बाटलीच हवी होती, आणि त्याचं कारण काही थोर नव्हतं. मला दुधाची शिसारी होती. माहेरी गोठा. लहानपणापासून शाळेच्या दप्तराला, वहीला, वेणीला आंबूस दुधाचा वास. दिवस गेल्यावर तर कुणी चहा उकळला तरी मी मोरीकडे पळायचे. ते दूध आता माझ्याच अंगातून येणार हा विचारच नकोसा व्हायचा. त्यात आमच्या लाईनवरची एक जण नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून आली होती. दुपारी छाती ठणकायला लागली की ती बायकांच्या संडासात जाऊन बेसिनमध्ये दूध पिळायची, कारण दुसरी जागाच नव्हती. बेसिनच्या जाळीवर चहाचा चोथा, कुणाचे केस, आणि त्यावर तिचं दूध. एकदा तिच्या ड्रेसवर ओला डाग दिसला तेव्हा लाईन बघणारा साहेब म्हणाला, "मॅडम, गळती आहे, पीस रिजेक्ट." लोक हसले. मीही हसले, हे लिहायला लाज वाटते. त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं की आपल्याला हे जमणार नाही.

आठव्या महिन्यात रिवाजाप्रमाणे मी माहेरी आले. बॅगेत सासूबाईंनी दिलेला खोका होता. आईनं तो बघितला आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मला चढता येणार नाही अशा जागी नेऊन ठेवला. वेळ आली की भावाला काढायला लावू, म्हटलं.

पंधरा दिवसांनी सकाळी गोठ्यातली जर्शी गाय व्याली. कालवड झाली. मी ओट्यावर खुर्ची टाकून बघत होते. आईनं कालवड पुसली, मग गायीच्या आचळाखाली चरवी धरली आणि चीक काढला. पिवळाधमक, घट्ट. तो तिनं मोठ्या निपलच्या बाटलीत भरला, कालवडीचं तोंड मांडीत घेतलं आणि पाजायला बसली. एवढा सगळा वेळ भावाला शिव्या चालू होत्या, कारण त्यानं बाटली धुऊन आणायला उशीर केला होता.

"तासाच्या आत चीक पोटात गेला पायजे," आई मला म्हणाली. "न्हाई गेला तर वासरू हाताला लागत न्हाई." आणि ते खरंच होतं. मागे एकदा आई लग्नाला गेली असताना भावानं आळस केला, सगळा चीक खरवसाला काढून वाटून टाकला, आणि वासरू आठ दिवसांत हगवणीनं गेलं. आईनं भावाशी पंधरा दिवस बोलणं टाकलं होतं.

त्या दिवशी कालवडीचं पोट भरल्यावर जो उरला त्या चिकाचा खरवस झाला. गूळ, वेलदोडा घालून आईनं वड्या पाडल्या. वास आल्यावर मी नाक दाबून बसले होते. सहज म्हणून विचारलं, "आई, मग माझ्या बाळालाही तासाच्या आत चीक पाजायचा का?"

आईनं माझ्याकडे बघितलं, जसं काही मी पायातली चप्पल ताटात ठेवली होती. "बाईचा चीक? काय बोलतीस! घाण असती ती. नऊ म्हयने साठलेलं, पुवावानी पिवळं. तीन दिवस पिळून टाकायचा, मग चांगलं पांढरं दूध उतरतं. तवर मध चाटवायचा, गुळाचं पानी द्यायचं."

"पण गायीचा..."

"गायीचं येगळं, बाईचं येगळं."

मला वाटलं ती गंमत करतेय. ती वड्या डब्यात भरत होती. मी विचारलं, माझ्या वेळी? "तुजाबी टाकला. तुज्या भावाचाबी." अगदी सहज, जसं काही केर टाकला. त्या क्षणी जी मळमळ आली ती दुधाची नव्हती. ज्या घरात जनावराच्या पिवळ्या दुधाच्या वड्या पाडून शेजारीपाजारी वाटतात आणि डबा परत येताना त्यात साखर घालून येते, त्याच घरात माझ्या वाटचं, भावाच्या वाटचं दूध पू म्हणून मोरीत गेलं. अंगावर पाजलंच पाहिजे म्हणून माझ्या सासूशी भांडणारी बाई ती हीच.

मला हट्ट चढला. तपासणीला गेलो तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरला मी आईसमोर मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "बाळ झालं की तासाभरात छातीला लावायचं. पहिलं पिवळं दूध थेंबभरही टाकायचं नाही, मध नाही, पाणी नाही." मी तिथेच आईला सांगितलं, "पुढे बाटली की अंगावर, ते मी बघीन. पण तिला पहिला माझा चीक मिळाला पाहिजे. मला शुद्ध नसली तरी तू लावायचंस." मुलगीच होणार असं मी धरूनच चालले होते.

"व्हय व्हय," आई म्हणाली.

आईला ओळखणाऱ्यांना हे माहीत आहे. ती एकदा 'व्हय' म्हणाली तर ते होतं. दोनदा म्हणाली तर होत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मुलगी सकाळी झाली. टाके पडले, रक्त बरंच गेलं, मला खोलीत आणलं आणि मी मेल्यासारखी झोपले. जाग आली ती दुखण्यानं. कुणीतरी माझी छाती पिळत होतं. डोळे उघडायच्या आधीच मी तो हात ओळखला. अंगठा आत दुमडून, मुठीत धरून, वरून खाली ओढायचं. गाय पिळायचा हात. आईनं माझ्या कुशीला स्टीलची वाटी लावली होती, वाटीत कापूस, कापसावर पिवळे थेंब.

"किती वाजले?" मी विचारलं.

"बारा वाजून गेलं. पड तू. दोनदा काढला, ह्यो तिसऱ्यांदा. लई साठलंय."

"कुठे टाकलास?"

"मोरीत. आजून कुटं?"

मी तिचा हात असा झटकला की वाटी खाली पडून पलंगाखाली गडगडत गेली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "घाण हाय ती, पोरीला बाधंल," आई पुनःपुन्हा म्हणत होती आणि मी ओरडत होते, की घाण तुझे हात आहेत, घाण ती मोरी आहे, पोरीला माझ्याकडे दे. आईशी आयुष्यात मी अशी बोलले नव्हते. सिस्टर धावत आली आणि तिनं बाळ माझ्याकडे दिलं.

पोरीच्या ओठांना मध चिकटला होता. हनुवटीवर ओघळ, त्यावर दुपट्याचा धागा. मी ओल्या कापडानं पुसत राहिले. मग छातीला लावलं. माया बिया काही दाटून आली नाही. घाम, रक्ताचा वास, मध, टाक्यांची ठणक, आणि स्वतःच्याच अंगाचा मला आलेला तो जुना वीट. तिला धरता येईना, मला धरवता येईना. तिसऱ्या का चौथ्या खेपेला तिनं पकडलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण मी तिला सोडवलं नाही.

संध्याकाळी गावाकडच्या बाया बघायला आल्या. त्याच आठवड्यात गोठ्यात दुसरी गाय व्याली होती, म्हणून भाऊ डबाभर खरवस घेऊन आला होता. बाया माझ्या खाटेच्या कडेला बसून खरवस खात होत्या, "लई सुरेख जमलाय," म्हणत होत्या, आणि आई वाढत होती. ज्या हातानं दुपारी पिळत होती त्याच हातानं. मी भिंतीकडे तोंड केलं.

सगळ्या गेल्यावर आई पायाशी बसून राहिली. बराच वेळ पदरानं हात पुसत होती, हात कोरडे होते तरी.

"तुज्या वक्ताला मीबी तुला छातीला लावायला मागितली हुती," ती म्हणाली. "माज्या आईनं वाटी मोरीत वतली. तीन दिस तू रडत हुतीस, निळी पडलीस, आन माजी छाती दगडावानी झाल्ती."

"मग तेच माझ्या पोरीला केलंस?"

"तुजं खरं धरलं," आई खाली बघून म्हणाली, "तर मी माजी दोन्ही पोरं तीन तीन दिस उपाशी ठिवली असं हुतंय की. ते कसं म्हनू?"

तिची कीव आली आणि त्याच वेळी तिच्या हातांची किळसही गेली नाही. दोन्ही अजून आहेत.

पोरगी आता पाच महिन्यांची आहे. सासरी आले तेव्हा सासूबाईंनी नवा डबा आणून ठेवला होता. पुढच्या महिन्यात मी कंपनीत हजर होईन, तेव्हा दिवसा बाटली, संध्याकाळी मी, असं मी ठरवलंय. आईला बाटली पटत नाही, सासूबाईंना संध्याकाळ पटत नाही. दोघींना मी सांगितलंय की ही माझी छाती आहे, ग्रामपंचायतीची जागा नाही.

परवा आईला फोन केला. भावाच्या बायकोला, माझ्या वहिनीला, नववा चालू आहे. दुसरी खेप, त्यामुळे बाळंतपण आमच्याच घरी, आईच्याच हाताखाली.

"आई, वहिनींचा चीक टाकायचा नाही. कळलं ना?"

"व्हय व्हय," आई म्हणाली.

मी म्हटलं, फोन वहिनींना दे. वहिनी आल्या. मी त्यांना सगळं सांगायला तोंड उघडलं, सिस्टर काय म्हणाली, वाटी, मोरी, कुणाला हात लावू देऊ नका. मग डोहाळजेवणातल्या सतरंजीवरच्या त्या बाया आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काय करायचंय?"

पलीकडे गोठ्यातल्या वासराचं ओरडणं ऐकू येत होतं.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "पैल्या वक्ताला कुनी इचारलंच न्हाई वो. जरा थांबा, इचार करून सांगते."