पाचवं रीळ

शिक्षिकेची सनद घेऊन मी थळजवळच्या एका कोळीवाड्यातल्या शाळेत रुजू झाले, तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. माझं माहेर आतल्या बाजूचं, भातशेतीतलं. समुद्र काही मैलांवर असूनही आमच्या घरी त्याची ओळख सुकटीपुरतीच होती. पण ट्रेनिंगच्या दोन वर्षांत पुण्याला राहून मी बरेच सिनेमे बघितले होते आणि कुठला चांगला, कुठला टाकाऊ, याविषयी माझी मतं फार ठाम होती. विसाव्या वर्षी असतात तशी.

राहायला मला एका विधवा कोळणीच्या घरातली पुढची खोली मिळाली. मी तिला काकी म्हणत असे. ती पाटी घेऊन मासळी विकायला जाई. तिचा एकुलता एक मुलगा माझ्याच वयाचा, एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, हाताखाली खलाशी होता. त्याचा बाप तो रांगत होता तेव्हाच तापाने गेला होता. घरात बापाची टोपीसुद्धा उरली नव्हती, फोटो तर दूरच.

हिवाळा सरता सरता गावात सिनेमावाला यायचा. घाटावरचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. बैलगाडीतून यंत्र, इंजिन आणि पत्र्याचे डबे घेऊन तो उतरायचा आणि बंदरावरच्या रिकाम्या वखारीत मुक्काम ठोकायचा. आमच्या गावाचं वेळापत्रक भरती-ओहोटीचं. होड्या कधी सुटतील त्याचा नेम नाही, म्हणून तो दुपारीही खेळ लावायचा. खिडक्यांवर जुनी शिडं ताणायची, दारात घोंगडी टांगायची, की भर दुपारी आत काळोख. बाहेर वाळूवर डोळे दिपवणारं ऊन आणि आत तीनशे माणसं माना वर करून बसलेली. आणायचा तो जुनेच सिनेमे, मुंबईत फिरून फिरून झिजलेले. आवाज खरखरायचा, पडद्यावर उभ्या रेघा पडायच्या. तरी पहिला उजेड पडद्यावर पडला की सगळी वखार एकदम श्वास घ्यायची. तो आवाज मी पुण्याच्या कुठल्याही थिएटरात ऐकला नव्हता.

मी गावात आले त्या वर्षी निघायच्या आधी तो म्हणाला, "इतक्या वर्षांत तुम्हाला दाखवले त्यातला सगळ्यांत चांगला कुठला, ते तुम्हीच ठरवा. मी तो परत मागवतो आणि शेवटचा खेळ त्याचाच लावतो."

झालं. वाड्यात दुसरा विषय उरला नाही. बोंबील वाळत घालताना, जाळी शिवताना, विहिरीवर, सगळीकडे तेच. मला लिहिता येत होतं म्हणून शाळेच्या ओट्यावर बैठक बोलावून मतं टिपायचं काम माझ्याकडे आलं.

काकीचा मुलगा तरण्या खलाशांचा पुढारी. त्यांना हवा होता तलवारबाजीचा सिनेमा, ज्यात राजपुत्र घोड्यासकट तटावरून उडी टाकतो. म्हाताऱ्यांना देवांचा हवा होता. त्यात समुद्रमंथन होतं. त्यावर पोरं ओरडली, "त्या समिंदराला लाटा कुठं व्हत्या? चादर हलवलेली दिसत व्हती!" म्हातारे चिडले. बायकांना सासुरवाशिणीचा हवा होता, कारण त्यात सासू शेवटी सुनेचे पाय धरते. मी माझं मत दिलं, एका चित्रकाराच्या शोकांतिकेला, आणि त्यातली छायाप्रकाशाची कामगिरी समजावून सांगितली. ओटा नम्रपणे गप्प बसला.

मग मी काकीला विचारलं, "काकी, तुमचं?"

ती हातातला विळा पुसत म्हणाली, "तो मोटारीवाला."

क्षणभर कुणाला आठवेचना. मग आठवला आणि सगळे खो खो हसले. गिरणीमालकाची मुलगी आणि तिचा कारकून असा तो रडका, लांबलचक बोलपट. दोन वर्षांपूर्वी लागला होता. निम्मी वखार झोपली होती म्हणे.

"आये, डोकं फिरलं काय तुजं?" मुलगा म्हणाला. "त्याच्यात बगन्यासारका हाय तरी काय?"

"मना तोच बरा वाटला," काकी म्हणाली.

तेवढ्यात भरती लागली, पुरुष होड्यांकडे धावले. निकाल रविवारवर गेला. माझ्या वहीत मोटारीवाल्यापुढे एकच रेघ होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी काकीला हातभार लावायला मासळी वाळवायच्या खळ्यात गेले. ती सुकट पालथी करत होती. मी जरा शहाणपणानेच विचारलं, "काकी, खरंच, त्या सिनेमात काय आवडलं तुम्हाला?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग खाली मान घालून सुकट हलवत हलवत सांगितलं.

लग्नाला चार वर्षं झाली होती, मुलगा पोटात होता. नवरा मासळी घेऊन मुंबईला धक्क्यावर गेला होता. परत आला तो हसत हसत. धक्क्यावर सिनेमावाले आले होते. बाई बोटीतून उतरते आणि मागून कोळी पाट्या घेऊन जातात, असं चित्र त्यांना घ्यायचं होतं. याला सांगितलं, चालत जा, यंत्राकडे बघू नको. पण हा बघायचाच. त्यांनी त्याला तीन वेळा चालवलं, तीनही वेळा याने बघितलं. शेवटी ते कंटाळले आणि म्हणाले, राहू दे.

"मग तो गेला, मी इसरूनशी गेले," काकी म्हणाली. "दोन वर्सांमागं वखारीत बसलेली. बाई बोटीतून उतरली. मागून एक मानूस आला, पाटी डाव्या खांद्याव. उजवा खांदा त्याचा दोरानं दुखावलेला, म्हून तो डाव्या खांद्याव न्यायचा. दुसरा कोनी नेत न्हाय. आनि त्यानं माज्याकडं बगला, बाय. डोला मिटून उगडीपरत गेला."

मी हातातली सुकट खाली ठेवली.

"मुलाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? त्याला बापाचा तोंड आठवत न्हाय. मना भास झाला असंल तर? आधी मना परत एकदा बगायचा हाय. मंग सांगीन. तू बोलू नको."

मी वचन दिलं. त्या रात्री मला माझ्या छायाप्रकाशाच्या भाषणाची फार लाज वाटली.

आता मला वाड्यातल्या सगळ्यांत नावडत्या सिनेमासाठी मतं मागायची होती आणि कारण सांगायचं नव्हतं. बायकांकडे गेले. "त्यातल्या बाईची लुगडी किती सुंदर," म्हणाले. त्या म्हणाल्या, लुगडी सासुरवाशिणीचीही सुंदर होती. माझं एकही मत वाढलं नाही. शनिवारी संध्याकाळी मी काकीच्या मुलाच्या तांडेलाच्या घरी गेले. सत्तरीचा माणूस, आता होडीवर कमी जायचा, पण वाड्यात त्याचा शब्द चालायचा. काकीचा नवराही एकेकाळी त्याच्याच होडीवर होता, एवढं मला माहीत होतं.

मी चाचरत म्हणाले, "तांडेलकाका, मोटारीवाल्यात मुंबईचा धक्का दिसतो ना?"

तो जाळं शिवायचा थांबला. "धक्का?" तो म्हणाला. "त्या सिनेमाला मी झोपलो व्हतो, बाई." मग हळू आवाजात विचारलं, "बोटीतून बाई उतरते? छत्री घेऊन?"

"हो."

त्याने सुई खाली ठेवली. "त्या दिवशी मी पन धक्क्याव व्हतो. तिनं सांगला काय तुमाला? तिला दिसला?"

मी वचनाला जागून गप्प राहिले. त्याला उत्तर मिळालं होतं.

रविवारी ओट्यावर पुन्हा भांडण सुरू झालं, तेव्हा तांडेल उठून उभा राहिला. "मोटारीवाला," एवढंच म्हणाला. कुणीतरी विचारलं, का म्हणून? "मी झोपलो व्हतो. माजा बगायचा रायला." त्याच्या होडीवरचे खलाशी एकमेकांकडे बघत हात वर करू लागले, मग म्हातारे, मग त्यांच्या बायका. काकीच्या मुलाने मात्र हात वर केला नाही. त्या दिवशी तो माझ्याशीही बोलला नाही.

डबे मुंबईहून आले. शेवटचा खेळ दुपारचाच लागला. आतल्या गावांतून बैलगाड्या आल्या होत्या, वखार खच्चून भरली होती. पहिली चार रिळं लोकांनी नेमकी तशीच काढली जशी दोन वर्षांपूर्वी काढली असणार. कुणी जांभई दिली, कुणी चणे खाल्ले, पोरं रडली. काकी माझ्या शेजारी ताठ बसली होती. तिचा मुलगा मागे भिंतीला टेकून उभा होता, तोंड वाकडं करून.

पाचवं रीळ सुरू झालं. धक्का आला. छत्री घेतलेली बाई बोटीतून उतरली, मोटार थांबली. बाईच्या मागे, अगदी कडेला, डाव्या खांद्यावर पाटी घेतलेला एक माणूस दिसला. पाटीतून पाणी गळत होतं. चालत चालत तो छत्रीच्या आड गेला, दुसऱ्या बाजूने बाहेर आला, थांबला आणि सरळ आमच्याकडे बघून हसला. तरणाबांड, पांढरेशुभ्र दात. मग गेला.

काकीची बोटं माझ्या दंडात रुतली होती. आणि पुढच्या रांगेत तांडेल उभा राहून पडद्याला हाक मारत होता, "आरं! आरं थांब! तोच हाय! आपला खलाशी हाय त्यो!"

गोंधळ उडाला. कुणी विचारलं काय झालं, कुणी ओरडलं खाली बसा. सिनेमावाल्याने यंत्र थांबवलं, खिडकीवरचं एक शीड बाजूला केलं, तशी उन्हाची तिरीप आत आली. तांडेलाने त्याला सांगितलं. वखारभर ऐकू जाईल अशा आवाजात तो सांगत होता, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं. मी मागे वळून मुलाकडे पाहिलं. तो भिंतीपासून सुटून उभा होता, चेहऱ्यावर काहीच नव्हतं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं होतं.

सिनेमावाल्याने रीळ उलटं गुंडाळलं आणि परत लावलं.

आता तीनशे माणसं मोटारीकडे, बाईकडे, छत्रीकडे बघत नव्हती. सगळ्यांच्या नजरा पडद्याच्या डाव्या कडेला. तो आला. पाटीतून पाणी गळालं. छत्रीआड जाऊन बाहेर आला, थांबला, हसला. वखारीत कुणी खोकलंसुद्धा नाही. वीस वर्षांपूर्वी मातीला मिळालेला माणूस आपल्या गावाकडे बघून हसत होता आणि गाव त्याच्याकडे बघत होतं.

"परत," कुणीतरी हळूच म्हणालं.

तिसऱ्या वेळी मुलगा माणसांतून वाट काढत पुढे गेला आणि पडद्याशी जाऊन उभा राहिला. त्याची सावली पडद्यावर पडली, धक्का झाकला. एरवी लोकांनी शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी कुणी हूं केलं नाही. त्याचं त्यालाच कळलं, तो मटकन खाली बसला, आणि सावली हटली त्याच क्षणी वरती बाप हसला.

"आये," तो मागे न बघता म्हणाला, "कोनाला हसतोय त्यो?"

"यंत्राला," काकी म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. "तीनदा सांगितला व्हता त्याला, बगू नको म्हून."

आणि तो पोरगा हसायला लागला. हसता हसता त्याने तोंड गुडघ्यांत घातलं. आम्ही कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सहावं रीळ लागलं, मग सातवं. कारकून आणि गिरणीमालकाची मुलगी आपापल्या दुःखात रडत राहिले आणि सगळी वखार शेवटपर्यंत बसून राहिली, देवळात बसावं तशी.

त्या संध्याकाळी जेवताना मुलाने आईला पहिल्यांदा बापाविषयी विचारलं. तो काय खायचा, कसा बोलायचा, रागवायचा का. काकी सांगत होती. मी ताट घेऊन माझ्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेकडे निघाले तर वखारीपुढे सात-आठ बायका उभ्या. सिनेमावाला गाडीत सामान भरत होता. त्यातली सगळ्यांत म्हातारी बाई पुढे झाली, पत्र्याच्या डब्यांवर हात ठेवला आणि म्हणाली, "दादा, आमचा पन कोनी हाय काय रं याच्यात? माजा भाव मुंबईला गोदीत व्हता." दुसरी म्हणाली, तिचा मुलगा. तिसरीने नुसतं नवऱ्याचं वर्णन सांगितलं, उंच होता, एका कानात बाळी होती.

मला वाटलं, तो त्यांना समजावून सांगेल की असं नसतं. त्याने हातातला दोर खाली ठेवला. प्रत्येकीचं पूर्ण ऐकून घेतलं. "मी बघतो," म्हणाला. "आता प्रत्येक खेळाला बघेन."

बायका जरा बाजूला झाल्यावर तो माझ्याकडे वळला. बावीस वर्षं तो हे काम करत होता. "बाई," तो म्हणाला, "आजवर मी पडद्यावर फक्त मधल्या माणसांकडेच बघत आलो." मग त्याने बैल जुंपले आणि काशीदच्या दिशेने गाडी हाकली. डबे एकमेकांवर वाजत होते. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्या बायका वाळूत उभ्या राहून बघत होत्या आणि मीही शाळेची घंटा विसरून त्यांच्यात उभी होते.