मापिळ्ळै सांगतील ते

माझ्या बायकोनं मला सांगून ठेवलं होतं, तिला कुठे पुरायचं ते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. विचारलं तेव्हा तर नाहीच.

ती तमिळ ख्रिश्चन, एग्मोरच्या एका शाळेत शिक्षिका. मी साताऱ्याकडचा, तिच्याच शहराजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरीला. लग्न रजिस्टर केलं आणि गावी आईला सांगून टाकलं, "तिनं आपला धर्म घेतलाय." भांडण नको म्हणून. प्रत्यक्षात ती दर रविवारी चर्चला जायची. गावी गेलो की टिकली लावून आईच्या देवघरापुढे बसायची. "तुमच्या आईसाठी चार दिवस नाटक करते," म्हणायची, "मेल्यावर नाही हं करणार."

इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत जागेची फार टंचाई. म्हणून ठरावीक वर्षं उलटली की त्याच घरातल्या माणसासाठी जुनी कबर पुन्हा उघडतात. तिच्या आईच्या कबरीची वर्षं भरली होती. आजारपणात एकदा मी मोसंबी सोलत बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "मला आईजवळच ठेवा. ती घोरायची फार, पण मला सवय आहे." मी हसलो. हो म्हणालो.

ती सकाळी गेली. दुपारी पुण्याहून दादा विमानानं आला. सासरे तिच्या आईच्या कबरीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आले. पाद्र्यांशी बोलून आले होते.

हॉस्पिटलच्या ऑफिसातला क्लार्क तमिळमध्ये म्हणाला, "नवरा आहे ना? मग बॉडी त्यांच्या सहीनं जाईल, ते म्हणतील तिकडे. वडिलांची हरकत असेल तर कोर्टात जावं लागेल."

"कोर्ट कशाला?" सासरे म्हणाले. "मापिळ्ळै सांगतील ते." जावयाला इथे मापिळ्ळै म्हणतात. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ती काही बोलली होती का?"

दादानं माझा दंड धरला. "काय म्हणतायत रे? पुरायचं म्हणतायत? आपल्यातली झाली होती ना ती? मग हे चर्च कुठून आलं मधेच? आई फोनवर आहे, काय सांगू तिला?"

फोन त्याच्या हातात चालूच होता. मी 'हो' म्हटलं असतं तर वीस वर्षांचं खोटं तिथेच, आईच्या कानावर पडलं असतं. मी सासऱ्यांना म्हणालो, "नाही मामा. काहीच बोलली नव्हती."

आणि सही केली.

सासऱ्यांनी कबरीच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मग तिची इच्छा नसेल," म्हणाले. विद्युतदाहिनीपाशी मात्र आले. बाहेरच्या बाकावर बसून मला विचारलं, "किती वेळ लागतो?" मला माहीत नव्हतं. अस्थी दादानं कृष्णेत सोडल्या, तिनं दोनदाच पाहिलेल्या नदीत.

पुढे एका ओळखीच्या वकिलांना मी हे दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "नवऱ्याला आधी विचारतात, कारण बायकोच्या मनातलं त्याला ठाऊक असतं असं धरतात. एरवी हक्क कसला हो, माणूस काय मालमत्ता आहे?" मी मान हलवली. चहा पिऊन घरी आलो.

आई गेल्या वर्षी वारली. आता जिच्यापासून लपवत होतो तीच उरली नाही, तरी माझं तोंड उघडत नाही. महिन्यातून एकदा सासऱ्यांकडे जातो. ऐंशी ओलांडलीय त्यांनी. स्वतः कॉफी करून देतात. मागच्या खेपेला म्हणाले, "मापिळ्ळै, तिच्या मनात आईविषयी काही होतं का हो? मी सारखा आठवून पाहतो, सापडत नाही."

मी कॉफी पीत राहिलो.

त्यांची लेक आईवर रागावून गेली, असं मानून ते जगताहेत. ते मी त्यांच्या डोक्यात घातलं. तिच्या देहाचं आता काही करता येत नाही. पण ती बोलली होती, काय बोलली होती, आणि मी खोटं बोललो, हे त्यांना समोर बसून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.