मामांच्या पायावरची पूड

कॅप्सूल गिळायची असते, हे आमच्या मामीला कधी पटलंच नाही. कुणाला लागलं-खरचटलं की ती अँटिबायोटिकची लाल-पिवळी कॅप्सूल दोन बोटांनी उघडायची, आतली पूड जखमेवर भुरभुरायची आणि वर चिंधी बांधायची. धरणगावकडच्या आमच्या खेड्यांत घरोघरी हेच चालायचं. बहुतेक जखमा भरूनही यायच्या, त्यामुळे मी काही बोलले की उलट मलाच ऐकून घ्यावं लागायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होते. त्या उन्हाळ्यात शेतातला कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट मामांच्या पायात घुसला. मामांना साखरेचा आजार, त्याने पाय बधिर झालेले. त्यामुळे फारसं दुखलं नाही, आणि दुखत नाही म्हणून, मामीने सांगूनही, डॉक्टरकडे जायला ते तयार होईनात. मामी रोज पूड टाकत राहिली. शेवटी जळगावला आणलं तेव्हा चिंधी हिरवट झाली होती आणि करंगळी काळी पडली होती. सर्जननी आडपडदा न ठेवता सांगितलं, लागू पडणारं औषध सापडलं तर पाय वाचेल, नाहीतर घोट्याच्या वर कापावा लागेल.

जखमेतला पू तपासायला माझ्याच टेबलावर आला. रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या दिसल्या. जांभळे दिसणारे जंतू त्या मानाने सरळ. लाल दिसणाऱ्यांना पेशीच्या भिंतीबाहेर आणखी एक पातळ आवरण असतं. त्यातल्या बारीक भोकांतून जंतूला लागणारं अन्न आत जातं, पण कितीतरी औषधं बाहेरच अडतात. मामांच्या पायातले तर त्यातही बेरकी. जे थोडं औषध शिरेल तेही ते परत बाहेर ढकलतात. मला त्या जंतूंचा खरोखर राग आला.

पू काचेच्या बशीत पसरून त्यावर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवल्या होत्या; दुसऱ्या दिवशी ती बशी उघडली. औषध लागू पडलं की त्याच्या टिकलीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. इथे जंतूंची हिरवट साय बहुतेक टिकल्यांना चिकटून वाढली होती, आणि मामीच्या कॅप्सूलमधल्या औषधाला तर त्यांनी हिंग लावूनही विचारलं नव्हतं. फक्त एका टिकलीभोवती चांगलं रुंद वर्तुळ होतं. ते इंजेक्शनचं औषध होतं, मूत्रपिंडांना जपून द्यावं लागणारं. मी चपला घालून तडक सर्जनकडे गेले.

संध्याकाळी दवाखान्यात मामा सगळ्या औषधवाल्यांना चोर ठरवत चिडूनच बसले होते.

"औषधच खोटं व्हई," ते म्हणाले. "बठ्ठा चोर शेतस."

"औषध खरंच होतं मामा, ते आत शिरलंच नाही. अळी बोंडात बसली की वरून फवारलेलं तिला लागतं का? हे जंतू आपलं बोंड अंगावरच घेऊन फिरतात."

हे त्यांना पटलं. मग मी पुढचंही सांगितलं, की पुडीने साधे जंतू मेले आणि या चिवटांना सगळं रान मोकळं मिळालं. मामी पायथ्याशी बसून ऐकत होती.

"मंग हाई मीच करं का वं?" तिने स्वतःच्या हातांकडे बघत मला विचारलं.

 निदान अर्धं तरी ते खरं होतं. मी तोंड उघडायच्या आत मामाच धडपडत उठून बसले. बायकोशी चारचौघांत कधी धड न बोललेला माणूस.

"तू डाक्टरकडे चाल सांगे, मी आयकं नही. तुनी काय चूक शे?"

इंजेक्शनं लागू पडली. करंगळी गेली, पाय राहिला. घरी सोडायच्या दिवशी नर्सने ड्रेसिंग कसं करायचं ते दाखवलं आणि कापूस मामीपुढे धरला. मामीने दोन्ही हात पदराखाली घेतले. "तू कर," ती मला म्हणाली.

मी पुढे झाले, तर मामांनी पाय आखडून घेतला. मामी हळूहळू उठली आणि हात धुवायला गेली. ती येईपर्यंत मामांनी तो पाय तिच्या रिकाम्या जागेकडे तसाच उचलून धरला होता.