आईसमोरचं उष्टं ताट

भुतंखेतं, करणी, भास... असलं काही मी कधीच मानलं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत मी क्वालिटी बघते. दुसऱ्यांच्या अस्वच्छपणावर दिवसभर आरडाओरडा करणं, हेच माझं काम. त्यामुळे पुढचं वाचून हसायचं तर हसा, पण जेवताना वाचू नका.

आधी आमच्या घरातली घाण सांगते. आई लग्न झाल्यापासून बाबांच्या उष्ट्या ताटात जेवायची. ते उठले की त्याच ताटात स्वतःचं वाढून घ्यायची. मला लहानपणापासून ते बघून ढवळायचं. बाबा शेवग्याच्या शेंगा चावून चोथ्याची कडेला जुडी रचायचे, लिंबाची फोड पिळून, साल उलटं करून मिठावर पालथं घालायचे. आणि आई त्यातच भात कालवायची! मी कितीदा भांडले असेन. तुला नाही कळायचं, एवढंच ती म्हणायची.

बाबा गेले आणि आईचं जेवणच सुटलं. रुसवा नाही, हट्ट नाही — दोन घास झाले की ताट सरकवायची. आठ महिन्यांत ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. आमचे डोंबिवलीचे डॉक्टर शेवटी म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, त्याआधी जरा हवापालट करून बघा. म्हणून मी, माझा नवरा मंदार आणि आई गाडी घेऊन निघालो. टिटवाळा, माळशेज, ओझर, लेण्याद्री असा चार दिवसांचा बेत होता.

पहिला मुक्काम मुरबाडच्या पुढे, टोकावडे यायच्या आधी, रस्त्याला लागून असलेल्या एका छोट्या हॉटेलात. वर चार खोल्या, खाली सहा टेबलं. मालकीणबाई स्वतःच रांधायच्या, स्वतःच वाढायच्या. आमच्याशिवाय कोणी गिऱ्हाईक नव्हतं. दुपारी दीडला आम्ही जेवायला बसलो आणि त्यांनी तीन ताटं आणून ठेवली. माझं स्वच्छ. मंदारचं स्वच्छ. आईचं उष्टं.

उष्टं म्हणजे सरळ कोणीतरी जेवून उठलेलं. भात एका बाजूने खाल्लेला, त्यावर बोटांचे ओरखडे, आणि कडेला शेंगांचा चोथा. मी बाईंना फैलावर घेतलं. त्या बिचाऱ्या माझ्याहून जास्त हादरल्या.

"ताई, गळ्यात माळ हाय माझ्या. उष्टं वाढीन का मी कुनाला?"

मग मी स्वतः स्वयंपाकघरात गेले. ताट घासलं, पुसलं, माझ्या हाताने वाढलं, वर दुसरं ताट झाकलं आणि बारा पावलं चालत टेबलापर्यंत आणलं. झाकण काढलं... चोथा ओला होता. लाळेने ओला. आणि मिठावर लिंबाचं साल, उलटं करून पालथं घातलेलं. मी बेसिनकडे धावले आणि भडाभडा ओकले.

तोंड धुऊन आले तर आई जेवत होती. त्याच ताटात.

"आई, टाक ते."

"असू दे गं. ह्यांनी तूपभात ठेवलाय माझ्यासाठी."

तिने ताट निपटून खाल्लं, वर ताक मागितलं. मंदारचा घास हातातच राहिला होता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण ते ओलसर काहीतरी तिच्या तोंडात जाताना बघून मी तोंड फिरवलं, हेही खरंच. ताट रिकामं व्हायच्या आधी मी फोटो काढला होता. फोटोत एक उष्टं ताट दिसतं, कुणाच्याही घरी असतं तसं.

मला वाटलं, त्या जागेचाच काही प्रकार असेल, निघालो तर बंद होईल. म्हणून पुढचा सगळा बेत रद्द करून आम्ही चारही दिवस तिथेच राहिलो. दोन्ही वेळेला मी झाकून ताट आणायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. आई जेवायची.

घरी आलो त्या संध्याकाळी आईचं ताट वाढलं. झाकण काढलं तर भाताची मूद तशीच, न मोडलेली. आईने वाट बघितल्यासारखं माझ्याकडे बघितलं, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

हे का होतं, कसं होतं, मला आजही सांगता येत नाही. मंदारही आता विचारत नाही. आईचं वजन तीन किलो वाढलंय; डॉक्टर म्हणतात, हवापालट मानवला. किळस मात्र माझी तसूभरही कमी झालेली नाही. पण त्या संध्याकाळी ते सरकवलेलं ताट मी आत नेलं, नवं वाढलं, झाकलं, ओट्यावर ठेवलं, आणि रिकाम्या स्वयंपाकघरात जे बोलले ते तेव्हापासून रोज दोन्ही वेळेला बोलते.

"बाबा, जेवून घ्या. आई थांबलीये."